जेट विमान उंचावरून संथ का जाते?

(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञानासाठी पाठाची आखणी)

प्रास्ताविक

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गावाच्या आकाशात दोन तऱ्हेची विमाने मुलांच्या दृष्टीस पडतात. बिरसीच्या विमानतळावरून उडणारी प्रशिक्षणाची लहान विमाने ही पहिली तऱ्हा होय. गोंदियापासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेली ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली. पुढे तेथे वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये नियमित प्रवासी सेवेचाही आरंभ झाला. दुसरी तऱ्हा फार उंचावरून जाणाऱ्या जेट विमानांची. मुंबई आणि कोलकाता यांच्या दरम्यान ये-जा करणारी ही विमाने पुष्कळदा कानांना ऐकूही येत नाहीत. आकाशात ओढली जाणारी पांढरी रेघ पाहूनच ती ओळखावी लागतात.

उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी पटांगणात उभा असलेला विद्यार्थी हे दोन्ही देखावे पाहतो आणि वर्गात येऊन विचारतो, "गुरुजी, बिरसीचे विमान डुलत डुलत जाते, मग ते वरचे विमान का डुलत नाही?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याला उत्तर म्हणून बहुधा एक तयार वाक्य पुढे केले जाते : "जेट विमाने स्थितांबरातून जातात. तेथे ढग नसतात, वादळे नसतात. म्हणून ती संथ जातात." हे वाक्य पाठ करावयास सोपे आहे. मात्र कुडव्याच्या आकाशापुरते ते खरे नाही. आपल्या डोक्यावरून जाणारे प्रवासी जेट विमान स्थितांबरात पोहोचलेलेच नसते. तरीही ते बहुतेक वेळ संथ जाते, हेही खरे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हाच या पाठाचा विषय होय.

पाठाचा उद्देश

पाठ संपल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्ट आपल्या शब्दांत सांगता यावी : विमानाला गचके बसतात ते हवा ढवळली गेल्यामुळे, हवा बहुतांशी ढवळली जाते ती तापलेल्या जमिनीमुळे, आणि उंचावरील विमान संथ जाते ते या ढवळण्याच्या वर गेल्यामुळे. केवळ उंची ही स्थैर्याची हमी नव्हे. एवढे समजले म्हणजे पाठ साधला असे समजण्यास हरकत नाही. त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक शाळेत मिळू शकते : रुंद तोंडाच्या दोन सारख्या काचेच्या बाटल्या, एक जाड पुठ्ठा, थोडी लाल शाई, कोमट पाणी, थंड पाणी आणि सायकलचा पंप.

पहिली पायरी : डोळ्यांना दिसते ते किती खरे?

विद्यार्थ्याच्या प्रश्नात एक निरीक्षण आहे आणि एक समजूत आहे. लहान विमान डुलताना त्याने प्रत्यक्ष पाहिले, हे निरीक्षण. वरचे विमान डुलत नाही, ही मात्र समजूत होय. कारण ते डुलत असते तरी त्याला जमिनीवरून दिसले नसते. हा भेद शिक्षकांनी प्रथम स्पष्ट करावा.

त्यासाठी एक सोपे गणित फळ्यावर मांडावे. प्रवासी जेट विमानाच्या एका प्रचलित जातीची लांबी सुमारे ३७ मीटर असते आणि ते सुमारे ११ किलोमीटर उंचीवरून जाते. म्हणजे त्याचे अंतर त्याच्या लांबीच्या जवळजवळ ३०० पट झाले. आता एक सेंटिमीटर लांबीचा धानाचा दाणा एका विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि दुसऱ्याला त्याच्यापासून ३ मीटर दूर उभे करावे. हे अंतरही दाण्याच्या लांबीच्या ३०० पटच आहे. उंचावरचे विमान आपल्याला एवढेच दिसते. ते विमान तीन-चार मीटर वरखाली झाले, तर त्या मानाने हा दाणा अवघा एक मिलिमीटर सरकेल. शिवाय आपण विमानाला खालून पाहतो. आणि वरखाली होणे हे खालून पाहणाऱ्याला जवळजवळ कळतच नाही.

मग ते संथ जाते हे कशावरून कळले? वैमानिकांच्या आणि प्रवाशांच्या अनुभवावरून, विमानातील यंत्रांच्या नोंदींवरून, आणि काही अंशी त्या पांढऱ्या रेघेवरून. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ वरच्या अतिथंड हवेत गोठून बर्फाचे सूक्ष्म कण होतात; त्या कणांची ती रेघ असते. रेघ बराच वेळ टिकून सरळ राहिली, तर तेथील हवा शांत आहे असे अनुमान करता येते. ती थोड्याच वेळात नागमोडी झाली, तर तेथे वाऱ्याची ओढाताण आहे. रेघ लगेच नाहीशी झाली, तर तेवढ्यावरून हवा कोरडी आहे इतकेच म्हणता येईल. पाहिलेले आणि अनुमानिलेले यांत फरक करण्याची सवय या वयात लागली, तर ती पुढे सर्वच विषयांत उपयोगी पडते.

दुसरी पायरी : खालची हवा का ढवळली जाते?

सूर्याचे ऊन हवेतून येताना हवेला फारसे तापवीत नाही. ते प्रथम जमिनीला तापविते आणि तापलेली जमीन आपल्या लगतच्या हवेला तापविते. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. तिची जागा घेण्यास आजूबाजूची थंड हवा खाली येते. या चढ-उताराला अभिसरण म्हणतात. चुलीवर ठेवलेल्या आधणात पाणी जसे तळातून वर येते आणि कडेने खाली जाते, तसाच हा प्रकार असतो.

गोंदिया परिसरात याचे पुरावे शोधण्यास लांब जावे लागत नाही. हिवाळ्यातील सकाळी भातगिरणीच्या धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो आणि गावावर चादरीसारखा पडून राहतो. त्या वेळी रात्रभर थंड झालेल्या जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. तिच्यावर तुलनेने ऊबदार हवेचा थर असतो. जड खाली आणि हलके वर, अशी मांडणी असल्यामुळे हवेला ढवळून निघण्याचे कारणच उरत नाही. त्याच धुराड्याचा धूर दुपारी पाहावा. तो वर चढतो, तुटतो, मध्येच खाली झुकतो आणि विरून जातो. उन्हाने जमीन तापल्याचा हा परिणाम होय.

एप्रिल-मे महिन्यांत कापणी झालेल्या बांध्यांवर उठणारी वावटळ हे अभिसरणाचेच एक रूप आहे. घार पंख न हलविता गोल गोल फिरत वर चढते, तीही अशाच वर जाणाऱ्या हवेच्या आधाराने. तलाव आणि बोड्या यांचे पाणी बांधीच्या कोरड्या मातीइतके लवकर तापत नाही. म्हणून दुपारी पाण्यावरची हवा तितकी वर चढत नाही. आता एखादे लहान विमान बांध्यांवरून तलावाकडे आणि तलावावरून पुन्हा बांध्यांकडे जात आहे अशी कल्पना करावी. एका ठिकाणी हवा त्याला वर उचलते, दुसऱ्या ठिकाणी तो आधार सुटतो. घारीला जी हवा शिडीसारखी उपयोगी पडते, तीच विमानाला गचके देते. सकाळच्या थंड वेळी लहान विमान संथ जाते आणि दुपारी डुलते, याचे कारण हेच होय.

लोक याला 'हवेतील खड्डा' म्हणतात. हा शब्दप्रयोग मुलांच्या तोंडी आला तर तो समजावून सांगावा. हवेत कोठेही पोकळी नसते. वर जाणाऱ्या हवेतून खाली येणाऱ्या हवेत विमान एकदम शिरले, म्हणजे आतील माणसाला खड्ड्यात पडल्यासारखे वाटते, इतकेच.

*प्रयोग.* एका बाटलीत थंड पाणी आणि दुसरीत लाल शाई घातलेले कोमट पाणी काठोकाठ भरावे. पाणी अंघोळीच्या पाण्याइतकेच कोमट असावे. उकळते घेऊ नये. कोमट पाण्याच्या बाटलीवर पुठ्ठा ठेवून ती थंड पाण्याच्या बाटलीवर उलटी धरावी आणि पुठ्ठा अलगद काढून घ्यावा. लाल पाणी वरच राहते. दोन थर बराच वेळ वेगळे दिसतात. नंतर हाच प्रयोग बाटल्यांची जागा बदलून, म्हणजे थंड पाणी वर आणि कोमट खाली ठेवून करावा. पुठ्ठा काढताच लाल पाणी वर उसळते आणि थोड्याच वेळात सर्व पाणी एकरंगी होते. पहिली मांडणी ही हिवाळ्यातील सकाळ, दुसरी ही उन्हाळ्यातील दुपार, असे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

तिसरी पायरी : वर गेलेली हवा कोठवर जाते?

येथे एक चतुर विद्यार्थी विचारील, "तापलेली हवा वर जाते, तर ती जातच का राहत नाही? ती जेट विमानापर्यंत का पोहोचत नाही?" हा प्रश्न आला नाही, तर शिक्षकांनी तो स्वतः उपस्थित करावा, कारण पाठाचे मर्म येथेच आहे.

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाची नळी तापते. उलट, भरलेल्या चाकाची हवा सोडली म्हणजे बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते. दाबली जाणारी हवा तापते आणि पसरणारी हवा थंड होते, हा नियम यावरून ध्यानी येतो. उंचावर हवेचा दाब कमी असल्यामुळे वर चढणारी हवा पसरत जाते आणि म्हणून थंड होत जाते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस थंड होते. तिच्या सभोवतालची हवाही उंचीबरोबर थंड होत जाते. पण सरासरीने ती दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशच थंड होते.

आता फळ्यावर उदाहरण मांडावे. समजा, ६ किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ८ अंश आहे. तेथील थोडी हवा काही कारणाने एक किलोमीटर वर ढकलली गेली. ती १० अंश थंड होऊन उणे १८ अंशांची होईल. परंतु ७ किलोमीटरवरील सभोवतालची हवा उणे साडेचौदा अंशांची आहे. म्हणजे वर ढकललेली हवा शेजाऱ्यांपेक्षा साडेतीन अंश थंड, म्हणून जड ठरली. जड झालेली हवा पुन्हा खाली येणारच. वरच्या हवेला बसलेला धक्का असा आपोआप जिरतो. स्थितांबराची मदत न घेताही वरची हवा बहुतेक वेळ थरांनी का राहते, याचे उत्तर या लहानशा वजाबाकीत आहे.

जमिनीलगतची परिस्थिती दुपारी याहून वेगळी असते. तेथे जमीन हवेला सतत उष्णता पुरवीत असते. त्यामुळे वर चढणारी हवा शेजाऱ्यांपेक्षा ऊबदारच राहते. हे ढवळणे हिवाळ्यात एक-दोन किलोमीटरपर्यंत पोहोचते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी ते तीन ते चार किलोमीटर, क्वचित त्याहूनही वर जाते. त्यानंतर मात्र वर दिलेला हिशेब लागू होतो आणि हवा थांबते. जेट विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जाते. म्हणजे आपल्याकडील सर्वांत तापलेल्या दुपारीही, आकाश निरभ्र असेल तर, जमिनीने ढवळलेली हवा त्याच्या पुष्कळ खाली राहते.

चौथी पायरी : स्थितांबर कोठे सुरू होते?

फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ लेऑन तेस्रांक द बोर यांनी फुग्यांना तापमापक बांधून ते शेकडो वेळा आकाशात सोडले. सुमारे ११ किलोमीटरच्या वर हवा थंड होत जाण्याचे थांबते, असे त्यांनी १९०२ साली जाहीर केले. थंड होत जाणारा खालचा भाग तो तपांबर. त्यावरचा तो स्थितांबर. आणि दोहोंमधील सीमा ती तपस्तब्धी. परंतु हे फुगे फ्रान्समध्ये सोडलेले होते. ११ किलोमीटर हा आकडा युरोपच्या आकाशाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

उष्ण कटिबंधात ही सीमा पुष्कळ उंच असते. भारतीय हवामान खात्यात काम करणारे शास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांनी निरनिराळ्या अक्षांशांवरील फुग्यांच्या नोंदी एकत्र करून विषुववृत्तापासून ध्रुवांपर्यंतच्या हवेच्या तापमानाचे चित्र १९२९ साली मांडले. तपस्तब्धी विषुववृत्ताजवळ सुमारे १७ किलोमीटरवर असून ध्रुवांकडे ती खाली उतरत जाते, असे त्यातून स्पष्ट झाले. नागपूर येथील हवामान केंद्रातून आजही असे फुगे सोडले जातात, आणि विदर्भाच्या आकाशात ही सीमा १६ ते १७ किलोमीटरच्या आसपास आढळते.

याचा अर्थ विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. ११ किलोमीटर उंचीवरून उत्तर युरोपवर उडणारे विमान पुष्कळदा स्थितांबरात असते. तेच विमान त्याच उंचीवरून कुडव्यावर आले, की ते तपांबरात असते आणि तपस्तब्धी त्याच्याही पाच-सहा किलोमीटर वर राहते. पुस्तकातील वाक्य खोटे नव्हे. ते दुसऱ्या आकाशाविषयी आहे.

पाचवी पायरी : विमाने इतक्या उंच का गेली?

संथ प्रवास हा उंच जाण्याचा एकमेव हेतू नव्हता. ११ किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-दशांश असते. विरळ हवेत विमानाला होणारा विरोध कमी होतो. म्हणून त्याच इंधनात ते अधिक वेगाने अधिक दूर जाऊ शकते. तेथील थंडीही जेट इंजिनाला मानवते. मात्र अशा हवेत माणसाला श्वास घेता येत नाही. प्रवाशांच्या कक्षात दाबाची हवा भरण्याची सोय झाल्यावरच उंचावरून प्रवास शक्य झाला.

त्यापूर्वीची स्थिती समजण्यासाठी नागपूरचे उदाहरण जवळचे आहे. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. एका रात्रीत टपाल देशाच्या चारही टोकांना पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. ही विमाने डाकोटा जातीची होती. त्यांच्यात दाबाच्या हवेची सोय नव्हती. म्हणून त्यांना साधारणतः दोन-तीन किलोमीटर उंचीवरूनच जावे लागे. रात्री जमीन थंड झालेली असल्यामुळे दुपारचे गचके नसत. परंतु पावसाळ्यातील ढगांच्या वर जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा नव्हता. पुढे १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि भारतीय प्रवासी विमानवाहतूक १० किलोमीटरच्या वर गेली.

विमानाचे वजनही येथे लक्षात घ्यावयास हवे. प्रशिक्षणाच्या लहान विमानाच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९० किलोग्रॅम भार असतो. भरलेल्या प्रवासी जेट विमानाच्या पंखावर तोच सुमारे ६०० किलोग्रॅम असतो. तलावावर एकच लाट आली तरी रिकामा डोंगा अधिक हेलकावतो आणि भरलेला कमी, तसेच हे आहे. म्हणून बिरसीचे विमान डुलते याचे अर्धे कारण हवेत आहे आणि काही कारण त्या विमानाच्या हलकेपणातही आहे.

सहावी पायरी : उंचावरही गचके केव्हा बसतात?

येथवर आल्यावर "वर सर्व शांत असते" असा समज घेऊन मुले घरी जाऊ नयेत. त्याला तीन अपवाद आहेत.

पहिला अपवाद गर्जन्मेघाचा. दमट हवा वर चढताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे वर चढणारी हवा शेजाऱ्यांपेक्षा ऊबदार राहते, तिसऱ्या पायरीतील वजाबाकी उलटते आणि ढग वरवर वाढतच जातो. विदर्भात मे-जूनच्या संध्याकाळी उठणारे गडगडाटी ढग १२ ते १६ किलोमीटरपर्यंत पोहोचतात. जेट विमान त्यांच्या वरून जाऊ शकत नाही. त्याला वळसा घालावा लागतो. त्यासाठी विमानाच्या नाकात ढग दाखविणारे रडार असते.

दुसरा अपवाद वाऱ्याच्या प्रवाहाचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारा वाहतो. त्याचा वेग ताशी १५० ते २०० किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक असतो. हा प्रवाह आणि त्याच्या शेजारची मंद हवा एकमेकींवर घासल्या, की ढगांचा मागमूस नसतानाही हवा खळबळते. ही खळबळ रडारवर दिसत नाही.

तिसरा अपवाद चढण्या-उतरण्याचा. कितीही उंच उडणारे विमान झाले, तरी त्याला खालच्या ढवळलेल्या हवेतून दोनदा जावेच लागते. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला कॉमेट विमानाने जगातील पहिली नियमित जेट प्रवासी सेवा सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून कोसळले आणि आतील सर्व ४३ जण मृत्यू पावले. त्यानंतर विमानांची बांधणी आणि हवामानाची सूचना यांत फार सुधारणा झाली. तरीही १ मे २०२२ रोजी मुंबईहून पश्चिम बंगालमधील दुर्गापूरला जाणारे जेट विमान उतरत असताना तीव्र गचक्यांत सापडले आणि अनेक प्रवासी जखमी झाले.

उंचावरील प्रसंग २१ मे २०२४ चा आहे. लंडनहून सिंगापूरला जाणारे मोठे जेट विमान ब्रह्मदेशातील इरावती नदीच्या खोऱ्यावर सुमारे ११ किलोमीटर उंचीवर असताना त्याला एकाएकी तीव्र धक्के बसले. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले आणि विमान बँकॉकला उतरवावे लागले. चौकशीच्या प्राथमिक अहवालानुसार त्या वेळी विमान पाच सेकंदांहूनही कमी वेळात सुमारे ५४ मीटर खाली आले. ज्यांनी कमरेचा पट्टा बांधलेला नव्हता, ते आसनावरून वर फेकले गेले असावेत, असे त्या अहवालात म्हटले आहे.

आसनावर बसलेल्या प्रवाशाने आकाश निरभ्र असले तरी पट्टा बांधून ठेवावा, असे का सांगितले जाते, हे या उदाहरणावरून मुलांना पटवून द्यावे. गावातील मुलांपैकी काही उद्या विमानाने प्रवास करतील. बिरसीच्या धावपट्टीवरून एखादा स्वतः विमान उडविण्यासही शिकेल. "वर काही होत नाही" असे शाळेत शिकलेला प्रवासी पट्टा सोडून निश्चिंत बसेल. उत्तरातील चूक केवळ परीक्षेच्या कागदावर राहते असे नाही.

फलकलेखन

फळ्यावर एक उभी रेघ ओढून तिच्यावर किलोमीटरच्या खुणा कराव्यात आणि पुढील नोंदी खालून वर लिहाव्यात.

० : तापलेली जमीन, बांध्या, तलाव.
१ ते २ : प्रशिक्षणाचे लहान विमान, घार याच्याही खाली.
३ ते ४ : मे महिन्यातील दुपारी ढवळलेल्या हवेची साधारण मर्यादा.
५ ते ७ : पंख्यांच्या इंजिनांची प्रवासी विमाने.
१० ते १२ : जेट विमान.
१६ ते १७ : विदर्भावरील तपस्तब्धी, त्यावर स्थितांबर.

शेजारी गर्जन्मेघाचे चित्र जमिनीजवळून १५ किलोमीटरपर्यंत काढावे. जेट विमानाने वळसा का घालावा, हे त्या एका चित्रावरून कळते.

स्वाध्याय

१. एक आठवडाभर सकाळी सात वाजता आणि दुपारी दोन वाजता जवळच्या धुराड्याचा किंवा चुलीचा धूर पाहून त्याची आकृती वहीत काढा. कोणत्या वेळी हवा थरांनी होती?

२. जेट विमानाची रेघ दिसेल तेव्हा ती किती मिनिटे टिकली आणि सरळ राहिली की वाकडी झाली, ते लिहा. सूर्याच्या दिशेने पाहू नका.

३. ८ किलोमीटरवरील हवा उणे २१ अंशांची आहे. ती एक किलोमीटर वर ढकलली, तर तिचे तापमान किती होईल? ९ किलोमीटरवरील सभोवतालची हवा उणे साडेसत्तावीस अंशांची असल्यास ती वर जाईल की खाली येईल?

४. घार सकाळी लवकर फारशी घिरट्या घालताना का दिसत नाही?

५. "जेट विमान उंच जाते, म्हणून संथ जाते." हे वाक्य कोणते शब्द घातले असता अधिक बरोबर होईल?

समारोप

पाचव्या प्रश्नाचे एकच ठरावीक उत्तर अपेक्षित नाही. "जमिनीने ढवळलेल्या हवेच्या वर जाते, आणि वाटेत गर्जन्मेघ किंवा वाऱ्याची ओढाताण नसेल तर," अशा अर्थाचे शब्द ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधले, त्याला पाठ समजला असे मानावे. 'स्थितांबर' हा शब्द त्याला आलाच पाहिजे. पण तो शब्द सांगून प्रश्न मिटविण्याची घाई शिक्षकांनी करू नये. पटांगणात उभे राहून ज्याने दोन विमानांतील फरक टिपला, त्याचे निरीक्षण एका पारिभाषिक शब्दाखाली झाकले गेले, तर पुढचा प्रश्न तो विचारणार नाही. ते निरीक्षण धुराड्यापर्यंत, घारीपर्यंत आणि बाटलीतील लाल पाण्यापर्यंत नेले, तर कुडव्याचे आकाश हीच त्याची प्रयोगशाळा होईल. आणि त्या प्रयोगशाळेला कसलाही खर्च येत नाही.